दोरीपलीकडच्या बर्फात जाण्याआधी

प्रश्न म्हापशाहून आला आहे. चौघे मित्र, सगळे पंचविशीच्या आसपासचे. दोघांनी मनालीला आणि दोघांनी गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स केला, मागच्या वर्षी चौघांनी मिळून इंटरमिजिएटही केला. आता रोपवेच्या रांगेचा कंटाळा आला आहे. स्कीच्या तळाला स्किन्स, म्हणजे केसाळ पट्ट्या, लावून स्वतःच्या दमावर डोंगर चढायचा आणि कोऱ्या बर्फातून उतरायचे, असे ठरते आहे. येत्या फेब्रुवारीत गुलमर्गला दहा दिवस, वाटाड्या न घेता, कारण त्याचा खर्च जड जातो. त्यांनी विचारले आहे ते एवढेच: ‘दादा, सामान कुठले घेऊ, गोव्यात राहून तयारी कशी करू, आणि दुसऱ्यांच्या स्कीच्या खुणा धरून गेलो तर चालेल का?’

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, बाकीचे त्याच्यावरच अवलंबून आहे. नाही, चालणार नाही. उतारावरची खूण एवढेच सांगते, की कोणीतरी इथून गेला आणि त्या घटकेला त्याच्या पायाखाली काही तुटले नाही. तो तुमच्यापेक्षा हलका असेल, पहाटेच्या थंडीत गेला असेल, तुमच्याहून दोन हात डावीकडून गेला असेल. पहिले चौघे सुखरूप उतरलेल्या उतारावर पाचव्याखाली बर्फ फुटल्याची उदाहरणे जगभर आहेत.

असे का होते ते नीट समजून घ्या. डोंगरावरचा बर्फ हा एकसंध ढीग नसतो, बेबिंकेसारखा थराथरांचा असतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, वाऱ्याने आणून रचलेला एक, उन्हाने वितळून रात्री गोठलेला एक. बेबिंकेचा मधला एखादा थर कच्चा राहिला की सुरी लावताच वरचे थर सरकतात. इथेही तेच. जमीन उबदार आणि वरची हवा कडक थंड असली, की आतल्या बर्फाचे दाणे हळूहळू मोठे, कोरडे, सुटे होतात. मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे बोटांमधून गळतात. त्यावर पुढच्या वादळाने अर्धा मीटर बर्फ टाकला आणि तो घट्ट बसला, की वर लादी आणि खाली साखर अशी स्थिती होते. ही लादी काही दिवस, काही वेळा काही आठवडे, कशीबशी तोलून राहते. मग तुमच्यातला एक जण तिच्यावर येतो. लादीखाली ज्यांचा जीव जातो त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत लादी स्वतःहून सुटलेली नसते. त्या माणसाने, किंवा त्याच्याच टोळीतल्या कोणी तरी, ती सोडवलेली असते.

लादी सुटायला उतार लागतो तो साधारण ३० ते ४५ अंशांचा. त्याहून कमी उतारावर ती क्वचित सरकते, आणि फार खड्या उतारावर बर्फ साचण्याआधीच गळून जातो. ३० अंश म्हणजे किती, हे तुम्हाला गोव्यात बसून शिकता येईल. फोनमध्ये उतार मोजायचे ॲप टाका आणि एखाद्या जुन्या घराच्या मंगळुरी कौलांच्या कडेला फोन धरा. बहुतेक छपरे तीसच्या आसपास भरतील. मग घरातला जिना मोजा, गावच्या देवळाचे छप्पर मोजा, घाटातली दरड मोजा. दोन महिने हा नाद लावून घेतलात की डोळा तयार होतो. बर्फात सगळे पांढरे असते, सावली नसली तर उतार कळतच नाही, आणि आपला डोळा हटकून चुकतो: खालून पाहिले तर कमी वाटतो, वरून पाहिले तर जास्त. म्हणून तिथेही स्कीची काठी बर्फावर आडवी टाकून तिच्यावर फोन ठेवायचा आणि आकडा वाचायचा. पहिल्या मोसमात तुमच्यासाठी नियम एकच: कौलांएवढा उतार दिसला की तो आपला नाही. आणि तुमच्या वर कौलांएवढा उतार असला, तर त्याच्या खालची सपाटीही आपली नाही. वरून सुटलेली लादी सपाटीवर बरीच पुढे येते. उन्हात बसून डबा उघडायला लोक नेमकी तीच जागा निवडतात.

गुलमर्गबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. गाव सुमारे २,६५० मीटरवर. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला आणतो, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास. त्या तारेखालचा ठरावीक भाग तिथले स्की पेट्रोल, म्हणजे गस्तीचे पथक, तपासते आणि उघडायचा की बंद ठेवायचा ते ठरवते. त्या भागाची दोरी ओलांडून दोन मिनिटे आडवे गेलात, की तुम्ही हिमालयात आहात आणि तिथे कोणी काही तपासलेले नाही. फसगत होते ती इथेच. तार दिसत असते, चहाची टपरी दिसत असते, त्यामुळे आपण गावातच आहोत असे वाटते. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गच्याच खिलनमर्गजवळ सैन्याच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थींवर हिमकडा कोसळला आणि १७ जवान गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. तुम्ही जो महिना निवडला आहे तोच हा महिना, हे लक्षात ठेवा.

काश्मीरच्या बर्फाचा एक स्वभाव आहे. डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, सगळ्यात कडक थंडी. बर्फ येतो तो पश्चिमी झंझावातांबरोबर, आणि येतो तेव्हा एका दमात येतो. दोन दिवसांत मीटरभर पडला तर तिथे कोणाला नवल वाटत नाही. अशा वर्षावानंतर आकाश लख्ख उघडते, आणि तुमच्यासारखे, माझ्यासारखे, सगळे जण त्या पहिल्या उन्हाच्या सकाळी वर धावतात. तोच दिवस सगळ्यात वाईट. जुन्या बर्फावर अचानक आलेले ओझे अजून बसलेले नसते आणि वरून ऊन तापवत असते. वादळानंतर निदान दोन दिवस थांबा, त्या दिवसांत सपाट जंगलात चाला, सराव करा. वारा कुठून होता तेही पाहा. धारेच्या ज्या बाजूला वारा आपटतो तिथला बर्फ उडून पलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला जाऊन बसतो. तिथे वर्षाव न होताही एका रात्रीत जाड लादी तयार होते आणि धारेवर बर्फाचा छज्जा लोंबायला लागतो.

चंदीगडची डीजीआरई ही संस्था, पूर्वी जिला सासे म्हणत, हिमस्खलनाचे इशारे देते. ते रोज वाचा, पण काय वाचता आहात ते समजून. ‘बारामुल्ला जिल्हा, अमुक मीटरच्या वर, मध्यम धोका’ असा इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो, तुमच्या समोरच्या घळीला नाही. धोक्याची जी पाच पायऱ्यांची पट्टी जगभर वापरतात तिच्यात ३ म्हणजे मधोमध, म्हणजे ठीकठाक, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात माणसे मरतात ती मोठ्या संख्येने तीनवरच. चार-पाच असताना लोक घरात बसतात, तीनला बाहेर पडतात. पाचांपैकी तीन हा परीक्षेतला आकडा नव्हे.

आता माझ्याकडून घडलेले सांगतो. बारा-तेरा वर्षे झाली असतील. आम्हीही चौघे, फोंड्याचे तिघे आणि एक साखळीचा. मनालीजवळच्या सोलंगच्या वरचा एक उतार, मार्चचा पहिला आठवडा. तीन दिवस पडून गेलेला बर्फ, निळे आकाश. मी पुढे होतो. चढताना एका सपाट जागी बर्फ पायाखाली दबल्याचा खोल, घुमणारा आवाज झाला, पोत्यावर पोते टाकल्यासारखा. स्कीअर त्याला व्हुम्फ म्हणतात. आतली साखर कोसळते तेव्हा तो येतो, आणि त्याचा अर्थ एकच असतो: परत फिरा. मला तो ऐकू आला नाही, माझे स्वतःचेच धापणे कानात होते. आम्ही खांद्यावर पोचलो, स्किन्स काढल्या, उतरायला लागलो. मी उतरलो, दुसरा उतरला, तिसऱ्याने दोन वळणे घेतली आणि त्याच्या वर, हातभर अंतरावर, बर्फात एक रेघ उमटली. आधी बारीक, पेन्सिलीने ओढावी तशी. मग ती दोन्ही बाजूंना पळाली आणि उतार कपचे-कपचे होऊन खाली यायला लागला. चाळीस सेंटीमीटर जाडीची लादी, फार मोठीही नव्हे. तो साठेक मीटर खाली येऊन थांबला. छातीपर्यंत गाडला गेलेला, डोके बाहेर, एक हात बाहेर.

डोके बाहेर होते, तो बोलत होता, आणि तरीही त्याला मोकळा करायला आम्हाला पंचवीस मिनिटे लागली. सुटताना तो बर्फ पिठासारखा उडत होता, थांबताक्षणी सिमेंट झाला. हाताने नख रोवत नव्हते. फावडी तिघांकडे असायला हवी होती, होती दोन. एकाने वजन वाचवायला आपले खोलीवर ठेवले होते. त्याचे डोके आत असते तर काय झाले असते, याचा हिशेब मी त्या रात्री बसून केला आणि अजून करतो.

रात्री खोलीत, बुखारीच्या शेगडीजवळ, शेवटून चालणारा साखळीचा मित्र हळूच म्हणाला, ‘मला आवाज आला होता. दोनदा आला. तुम्ही तिघे पुढे गेला होता, सगळे खुशीत होता, म्हटलं आपण कशाला मोडता घाला.’

म्हणून सामानाच्या यादीच्या आधी मी तुम्हाला हे सांगतो आहे. तुम्ही शाळेपासूनचे मित्र आहात असे लिहिले आहे. फार चांगली गोष्ट आहे, डोंगरात ओळखीच्या माणसाची चाल, त्याचे गप्प होणे, त्याची भूक, सगळे कळते. पण याच मैत्रीत एकमेकांना अडवायचा संकोचही असतो. कोणी उत्साहात असला की त्याचा विरस करवत नाही. इयन मॅकॅमन नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने तिथल्या ७१५ हिमस्खलन अपघातांची छाननी करून २००४ मध्ये मांडले ते याच्याशी जुळते: ओळखीची जागा, आधीच ठरलेला बेत, पुढे कोणीतरी जाणकार आहे हा भरवसा, कोऱ्या बर्फाची ओढ, दुसरे लोक जाताहेत हा धीर, चारचौघांत बरे दिसण्याची इच्छा. बर्फाचे शिक्षण घेतलेली माणसेही याच सहा गोष्टींपायी फसली होती.

आमच्यात तेव्हापासून एक रिवाज आहे, तो तुम्ही पहिल्या दिवसापासून घाला. चौघांपैकी कोणीही ‘नको’ म्हटले की सगळे फिरतात. कारण विचारायचे नाही, खोलीवर आल्यावरही टोमणा मारायचा नाही. कारण विचारले की माणूस पुढच्या वेळी कारण सापडेपर्यंत गप्प राहतो, आणि बर्फात पुष्कळदा कारण मागून सापडते. दर थांब्यावर सगळ्यात कमी बोलणाऱ्याला आधी विचारायचे, ‘तुला काय वाटतंय?’ पुढे असलेल्याने शेवटी बोलायचे. आमचा साखळीचा मित्र आता एका मोसमात दोनदा तरी ‘नको’ म्हणतो. त्यातल्या एकाही वेळी आम्हाला मागाहून हळहळ वाटली नाही.

आता शोध आणि सुटका. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर बहुधा जगतो. अर्धा तास उलटला की जगणारे थोडे उरतात, कारण श्वासासमोरचा बर्फ गोठून त्याला हवा मिळेनाशी होते. गुलमर्ग गावातून कोणीही दहा मिनिटांत तुमच्यापर्यंत येणार नाही. म्हणजे सुटका पथक म्हणजे तुम्ही उरलेले तिघेच. तीन वस्तू प्रत्येकाच्या अंगावर हव्यातच: ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे. ट्रान्सीव्हर, म्हणजे अंगावर बांधायचे छोटे रेडिओयंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत असतो. कोणी गाडला गेला की बाकीचे आपापला ट्रान्सीव्हर शोधावर टाकतात आणि बाण व आकडा पाहत जवळ सरकतात. प्रोब म्हणजे घडीची लांब सळई, २४० सेंटीमीटर किंवा अधिक. फावडे धातूचे. प्लॅस्टिकचे त्या सिमेंटवर तुटते.

ह्याचा सराव गोव्यात होतो आणि उत्तम होतो. आम्ही पेडण्याच्या केरी किनाऱ्यावर करतो, ओहोटीला, सुरूच्या झाडांपासून पुढच्या मोकळ्या वाळूत. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे चुकूनही खणू नका, तिथे कासवे अंडी घालतात. चालू ट्रान्सीव्हर प्लॅस्टिकच्या डब्यात घालून, तो डबा जुन्या सॅकमध्ये भरून एकाने पुरायचा, बाकीच्यांनी पाठ करून उभे राहायचे. मग घड्याळ लावायचे. पहिल्यांदा कराल तेव्हा तिघेही एकाच वेळी तीन दिशांना पळाल, एक जण स्वतःचा ट्रान्सीव्हर शोधावर टाकायला विसरेल, आणि बाकीचे दोघे त्याच्याच छातीकडे धावत येतील. हे दर टोळीचे होते. म्हणून एकाने हुकूम द्यायचा, मोठ्याने: कोण शोधणार, कोण प्रोब जोडणार, कोण फावडे. मित्र शेवटचा कुठे दिसला तिथपासून खाली जायचे. दोघे शोधत असतील तर मध्ये चाळीसेक मीटरहून अधिक अंतर नको. बाण सरळ रेषेत नेत नाही, वाकड्या वाटेने नेतो, त्याच्याशी भांडू नका. आकडा तीनच्या खाली आला की गुडघ्यावर या, ट्रान्सीव्हर जमिनीला टेकवून सावकाश उभा-आडवा फिरवा आणि सगळ्यात लहान आकडा जिथे येईल तिथून प्रोब घाला. पृष्ठभागाला काटकोनात, मग पंचवीस-पंचवीस सेंटीमीटरवर गोल फिरत. प्रोब अंगाला लागला की हाताला कळते, दगडासारखे टणक लागत नाही. लागला की तो तसाच रोवून ठेवायचा.

खणण्याला लोक किरकोळ समजतात आणि वेळ जातो तो खणण्यातच. मीटरभर खोल असलेल्या माणसाला काढायला टनभर तरी बर्फ हलवावा लागतो. त्याच्या डोक्यावर उभे राहून विहीर खणायची नाही. प्रोबपासून उताराच्या खालच्या बाजूला, जेवढे खोल त्याच्या दीडपट मागे यायचे आणि तिथून आडवे त्याच्याकडे घुसायचे. पुढचा एक बर्फ तोडतो, मागचे वल्हे मारल्यासारखे तो मागे ढकलतात, दर मिनिटाला पुढचा बदलायचा. वाळूत हे करून पाहा. वाळू बर्फापेक्षा किती तरी हलकी सुटते, तरी पाच मिनिटांत तोंडाला फेस येतो.

हा सराव सहा-सात वेळा होऊन शोध लागेपर्यंतचा वेळ तीन-चार मिनिटांवर आला नाही, तर टूर पुढच्या वर्षावर टाका. हे मी मनापासून सांगतो आहे. तिकिटे काढली आहेत हे कारण धरू नका.

सामानाचे त्या मानाने सोपे आहे. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. टूरिंगच्या बाइंडिंगमध्ये चढताना टाच मोकळी राहते आणि उतरताना बंद होते. बुटाच्या नाकाला दोन खिळ्यांनी पकडणारी हलकी बाइंडिंग आज सगळीकडे दिसते, ती ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल याने १९८० च्या दशकात शोधली. स्किन्स म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या. मांजराच्या पाठीवरून हात फिरवून पाहा, एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की अडतो. तेच तत्त्व. पूर्वी त्या सीलच्या कातड्याच्या असत, आता नायलॉन आणि मोहेरच्या. पहिल्या वर्षी स्की, बूट, स्किन्स, सगळे गुलमर्गमध्येच भाड्याने घ्या. विकत घ्यायचे तर बूट आधी घ्या. न बसणाऱ्या बुटाने दुसऱ्याच दिवशी टाचेचे सालटे निघते आणि टूर संपते. भाड्याचा ट्रान्सीव्हर मात्र दुकानातच चालू करून, चौघांचे एकमेकांशी जुळवून घ्या. एकदा एका दुकानातून घेतलेल्या ट्रान्सीव्हरमध्ये सेल गळून हिरवे झाले होते, झाकण उघडले म्हणून कळले. तीन अँटेनांचाच हवा. सेल चांगले, साधे अल्कलाइन, रिचार्जेबल नकोत. फोन ट्रान्सीव्हरपासून वीस सेंटीमीटर लांब ठेवा, शोध चालू असताना पन्नास.

पुढे कधी स्वतःचे सामान घ्याल तेव्हा गोव्यात ते सांभाळणे हेच खरे काम असते. जून ते सप्टेंबर आपल्या घरात चपलेलाही बुरशी येते. स्किन्सवर ती एकदा धरली की गोंद गेला. मी त्या जाळी लावून, घडी करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवतो आणि डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. घरची मंडळी सुरुवातीला कुरकुरली, आता सवय झाली. स्कीच्या पोलादी कडांवर मेणाचा जाड थर देऊन तो न खरवडता तसाच ठेवायचा, नाहीतर गणेशचवथीपर्यंत गंजून तांबड्या होतात. बुटांचे आतले मोजे काढून वेगळे सुकवायचे, आत वर्तमानपत्र कोंबायचे, दर पंधरवड्याला बदलायचे. ट्रान्सीव्हरमधून सेल काढून ठेवायचे, हे तर विसरूच नका.

दमसास. ताशी तीनशे मीटर चढता आले तर चांगली चाल झाली. पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे. पाठीवर आठ-दहा किलो घेऊन पहाटे तो तीनदा चढून उतरलात तर एका भरघोस टूरचा दिवस झाला. सत्तरीतल्या वाघेरीवरही जा. उतरताना मांड्या थरथरतात, बर्फात पडायला होते ते त्या थकव्यामुळेच, म्हणून उतार टाळू नका. किक टर्नसाठी, म्हणजे चढावर जागच्या जागी दिशा बदलण्यासाठी, मी पोरांच्या पायांना हातभर रुंदीच्या अंतराने दोन लांब फळ्या बांधतो आणि उताराच्या अंगणात वळायला लावतो: वरची स्की उचलून उलट दिशेला टेकवा, तिच्यावर भार द्या, मग खालचीला टाचेचा झटका. कोकराची पहिली पावले असतात तशी गत होते, पण शंभर वेळा केल्यावर पाय विचारत नाहीत.

उंचीचा सराव मात्र गोव्यात होणार नाही. मोपा किंवा दाबोळीहून सकाळी निघालात तर दुसऱ्या दिवशी गोंडोला तुम्हाला ३,९५० मीटरवर नेऊन सोडेल. समुद्रकाठच्या माणसाला हे झेपत नाही. एक रात्र श्रीनगरला काढा, दोन रात्री गुलमर्गला, आणि तेवढ्यात दुसऱ्या टप्प्याचे तिकीट काढू नका. डोके दुखते, मळमळते, भूक नाही, तर वर जायचे नाही. वाढले तर खाली.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. बाहेरचे प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, निदान दोघांनी पोस्टपेड करून घ्या. आणि परदेशी व्हिडिओंमध्ये दिसते ते उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र मागवू नका. परवान्याशिवाय ते बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे आणि विमानतळावरच अडवतात. त्याऐवजी रोज सकाळी हॉटेलवाल्याकडे कागदावर लिहून द्या: कुठे जातो, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत परत.

राहिला वाटाड्या. दहा दिवसांचे सहा दिवस करा आणि वाचलेल्या पैशांत वाटाड्या घ्या. चौघांत वाटला की खर्च तुम्हाला वाटतो तितका येत नाही. ठरवण्याआधी त्याला विचारा, शेवटचा शोधाचा सराव कधी केला, आणि त्याचे प्रोब-फावडे पाहू दे म्हणा. चांगला माणूस या प्रश्नाने खूश होतो. पहिले दिवस मंकी हिलच्या बाजूच्या झाडीत काढा, बाबारेशीकडे उतरणाऱ्या सौम्य जंगलात, तेही तो म्हणेल त्या वाटेने. झाडांमधला बर्फ वाऱ्यापासून वाचलेला असतो, मऊ असतो, आणि तिथे कोणी नसते. पहाटेच्या थंडीत स्किन्सचा बर्फावर घासण्याचा आवाज तेवढा येतो, फांदीवरचा बर्फ मध्येच सुटून अंगावर चुरा पडतो. तुम्ही ज्याच्यासाठी जाता आहात ते तिथेच मिळते, त्याला अफरवटची धार लागत नाही. उत्तराखंडातल्या औलीहून गोरसनच्या बुग्यालापर्यंतची (उंचावरच्या कुरणापर्यंतची) चालही पहिल्या टूरसाठी फार सुंदर आहे, त्याचा पुढच्या वर्षी विचार करा.

चवथ झाली आणि पाऊस ओसरला की मला कळवा. ओहोटी सकाळची असेल असा रविवार पाहून केरीला भेटू. माझ्याकडे तीन ट्रान्सीव्हर आणि दोन प्रोब आहेत. फावडे प्रत्येकाने आपापले आणायचे, चौघांची चार.